आजारी लेकराच्या आईची विश्रांती

गेल्या पावसाळ्यात एक जोडपे आमच्या वकिलीच्या कचेरीत आले. घनसावंगी तालुक्यातील एका खेड्यात राहणारे, दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतलेले, ऊसतोडीवर पोट असलेले हे कुटुंब. तंटा उचलीचा होता. आदल्या दसऱ्याला मुकादमाकडून उचल घेतली, हंगामात फडावर जाणे झाले नाही, म्हणून मुकादमाने तगादा लावला होता आणि पोलिसांत देण्याची धमकी दिली होती. वाचकहो, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, हे तुम्हांपैकी पुष्कळांस स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे. बाई घरी राहिली की कोयता मोडला. ही बाई घरी राहिली होती, कारण तिच्या अकरा वर्षांच्या मुलास रक्ताचा कर्करोग झाला होता. एकदा उपचार होऊन मूल शाळेत जाऊ लागले होते. त्या दिवाळीत रोग उलटला. सारा हंगाम मोठ्या शहराच्या खेपांत गेला, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तेथील डॉक्टरांनी आता घरी न्या असे सांगितले. उचलीचा पैसा गाडीभाड्यात, औषधांत आणि बापाच्या बुडालेल्या मजुरीत विरून गेला.

त्या तंट्याचे पुढे काय झाले ते येथे सांगण्याचे कारण नाही. एवढेच सांगून ठेवतो की, उचल न फिटणे हा मुख्यत्वे दिवाणी व्यवहार आहे. आणि उचलीपोटी माणसास किंवा त्याच्या बायकापोरांस अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. आज सांगावयाचे आहे ते त्या बाईचे जाता जाता उच्चारलेले वाक्य. कागदांवर सह्या झाल्यावर ती म्हणाली, "वकीलसाहेब, पैसा फिटंल कवातरी. मला एक रात झोप पायजे."

मूल रात्र रात्र हाडे दुखतात म्हणून ओरडत असे. घरात तापाच्या गोळ्यांपलीकडे त्या दुखण्यावर काही नव्हते. दोन महिने ती बाई सलग झोपली नव्हती. मूल पोळ्याच्या आधी गेले. आम्ही कायद्याचे पदवीधर. परंतु तिच्या त्या मागणीस कोणते कलम लागू होते, हे त्या दिवशी आम्हांस सांगता आले नाही. नंतर शोधू लागलो तेव्हा जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

तिने जे मागितले त्यास जगात नाव आहे आणि इतिहासही आहे. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे १९७८ साली हेलन नावाच्या लहानग्या मुलीच्या मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. मुलीचा जीव वाचला, परंतु तिचे सर्व काही दुसऱ्याने करावयाचे अशी तिची अवस्था झाली. आईबाप तिला घरी सांभाळीत. तेथील एका मठातील सिस्टर फ्रान्सेस डॉमिनिका यांचा या कुटुंबाशी स्नेह जडला, आणि काही दिवस हेलनला मी सांभाळते, तुम्ही विसावा घ्या, असे त्यांनी आईबापांस सुचविले. या सूचनेतून १९८२ साली 'हेलन हाउस' उभे राहिले. गंभीर आजारी मुलांसाठीचे जगातील पहिले हॉस्पिस ते हेच. त्याचा उगम आईबापांच्या झोपेत आहे, हे ध्यानी ठेवा. कारण हॉस्पिस म्हणजे मरणाचे घर, तेथे नेले म्हणजे आशा सोडली, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या या शुश्रूषेची जी व्याख्या केली आहे ती या समजाच्या अगदी उलट आहे. रोगाचे निदान झाले त्या दिवसापासून ही शुश्रूषा सुरू व्हावयाची. रोगावर उपचार चालू असोत वा नसोत, तिने थांबावयाचे नाही. मुलाचे शरीर, मुलाचे मन आणि मुलाचे कुटुंब या तिहींकडे तिने पाहावयाचे. यात केवळ कर्करोगाची मुले येत नाहीत. दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागणारी थॅलेसेमियाची मुले, ज्यांचे स्नायू वर्षागणिक झिजत जातात ती मुले, जन्मतः मेंदूस इजा होऊन मान न धरणारी, घास न गिळता येणारी मुले, हीही यात येतात. यांतील पुष्कळ मुले वर्षानुवर्षे जगतात. त्यांच्या आयांची गणना कोणी केली आहे काय? दहा वर्षे ज्या बाईने मुलाची कूस दर दोन तासांनी बदलली, ती नात्यातल्या लग्नास गेली नाही, माहेरी राहिली नाही, स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेली नाही. तिला वर्षातून पंधरा दिवस, आठवड्यातून तीन तास, कोणी मोकळे करील काय, हा प्रश्न आहे.

आई थकली तर तिची विश्रांती हा तिच्या घरचा प्रश्न आहे, सरकारचा त्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. हे म्हणणे नवे नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले तेव्हाही ते पुढे आले होते. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकास पाठिंबा देताना जे सूत्र मांडले ते असे की, बाळंतपणाच्या आधी व नंतर आईस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि राष्ट्राच्या हिताची गोष्ट असल्यामुळे तिचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला. बाबासाहेबांनी हे केवळ पुस्तकांतून काढले होते असे आम्हांस वाटत नाही. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही त्यांची व माता रमाईंची चार अपत्ये लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली, विधिमंडळातील त्या भाषणाच्या अवघ्या दोन वर्षे आधी. आजारी लेकरापाशी रात्र काढणे म्हणजे काय, हे त्या घरास ठाऊक होते. आम्ही एवढेच म्हणतो की, ते सूत्र बाळंतिणीपाशी थांबत नाही. लेकरू अकरा वर्षांचे झाले म्हणून आईच्या विश्रांतीत राष्ट्राचे असलेले हित संपुष्टात येत नाही.

आता वेदनेविषयी. तीव्र वेदनेवर तोंडाने घेण्याचे मॉर्फिन हे जगन्मान्य औषध आहे, मुलांसाठीसुद्धा. साध्या वेदनाशामक गोळीने भागले नाही तर पुढची पायरी मॉर्फिन, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांच्या बाबतीत स्पष्ट सांगितले. हे औषध महाग नाही. ते अफूपासून होते, आणि आपला देश जगातील मोजक्या कायदेशीर अफू उत्पादकांपैकी एक आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच येथे सरकारचा अफूचा कारखाना आहे. असे असता घनसावंगीच्या मुलास ते मिळाले नाही. याचे एक मोठे कारण आमच्याच व्यवसायातील लोकांनी लिहिलेल्या कायद्यात आहे. १९८५ साली मादक पदार्थांविरुद्धचा कायदा झाला. नशेच्या व्यापाऱ्यांस जरब बसावी हा हेतू योग्य होता. परंतु शिक्षा इतकी कठोर आणि परवान्यांची साखळी इतकी लांब ठेवली गेली की, इस्पितळांनी व औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. पुढील दहाबारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घसरला. त्या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या एका पिढीने हे औषध हाताळलेच नाही, आणि न हाताळलेल्या औषधाची भीती वाटते.

२०१४ साली संसदेने ही चूक दुरुस्त केली. वैद्यकीय उपयोगासाठी ही औषधे उपलब्ध राहतील हे पाहणे, हेही सरकारचे कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिले गेले. मॉर्फिनसह सहा औषधे अत्यावश्यक ठरली, आणि निरनिराळ्या खात्यांच्या परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता इस्पितळास पुरेशी झाली. तेव्हा "कायदा आड येतो" असे कोणी तुम्हांस सांगेल तर ते आता खरे नाही. "मुलास सवय लागेल" असे सांगेल, तर जाणत्या डॉक्टरने वजन पाहून, वेळापत्रकाने दिलेले वेदनेवरील मॉर्फिन आणि नशा या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्याने बद्धकोष्ठ होते, त्याचे औषध सोबत द्यावे लागते, हे मात्र खरे. आणि ते आपल्या मनाने, दुसऱ्याच्या घरातून उसने आणून, मुलास कधीही देऊ नये.

महाराष्ट्रात याविषयी काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्यास सुरू झाले. मुलांसाठीचे 'हॅपी फीट होम' मुंबईतच २०१४ साली निघाले. तेथे गंभीर आजारी मुले दिवसा येतात, खेळतात, शिकतात, आणि तेवढा वेळ आई मोकळी होते. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या मुलांसाठी सेंट ज्यूड या संस्थेने २००६ पासून राहण्याची विनामूल्य सोय केली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तर कर्करोग्यांच्या व त्यांच्या नातलगांच्या कितीतरी पिढ्यांचे घर झाली आहे. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेस दिली, हे तुम्ही जाणता. देवळापेक्षा धर्मशाळा बांधणारा तो माणूस आजाऱ्याच्या नातलगास काय लागते हे अचूक ओळखून होता.

परंतु हे सर्व मुंबईत आहे. जालन्याहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. कर्करोगाच्या रुग्णास उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेत शयनयानाचे भाडे माफ असते आणि सोबत्यास सवलत असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. तथापि, शेवटच्या आठवड्यांत ज्याची कूस बदलतानाही किंकाळी फुटते, अशा मुलास देवगिरी एक्सप्रेसने कोठे नेणार? ही शुश्रूषा घरापर्यंत आली पाहिजे. ती येऊ शकते याचा दाखलाही मुंबईबाहेरचाच आहे. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या जव्हार या आदिवासी तालुक्यात, तेथील कुटीर रुग्णालयाच्या आधाराने, टाटा रुग्णालयाच्या डॉ. मेरी ॲन मुकादन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतरच्या काही वर्षांत मुलांच्या शुश्रूषेचा प्रकल्प चालविला. जव्हारमध्ये जे सुरू होऊ शकले ते परतूर, मंठा, भोकरदन येथे अशक्य आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? जालन्यात २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

कायद्याच्या बाजूने पाहता तुमच्या हाती आज काय आहे? राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात आजारपण व विकलांगता यांत सरकारी साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद करण्यास राज्यास सांगितले आहे, "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत". २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यास मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगासाठी सांभाळणाऱ्याचा भत्ता देण्याची योजना करण्यास सांगितले आहे. तेथेही तीच मर्यादा, जवळपास त्याच शब्दांत. सहासष्ट वर्षे लोटली तरी कुवतीचे हे शेपूट तुटले नाही, ही गोष्ट आम्हांस बोचते. तरीही तो कायदा उपयोगाचा आहे. त्याच्या यादीत २१ प्रकारच्या विकलांगता आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, स्नायूंचा ऱ्हास हे त्यांत आहेत. तेव्हा मूल पांगळे दिसत नाही म्हणून प्रमाणपत्र मिळणार नाही, असे समजू नका. मेंदूच्या इजेची, मतिमंद व बहुविकलांग मुले यांच्यासाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याची 'निरामय' ही १ लाखापर्यंतची विमा योजना आहे, आणि 'समर्थ' या नावाने आईबापांस विसावा देणारी निवासगृहे चालविण्याची योजना आहे. याच कायद्याखालील जिल्ह्याची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. म्हणजे दार ठोठावण्यास दिल्लीस जावे लागत नाही. दिव्यांग व दुर्धर आजारी निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कचेरीत करता येतो. महात्मा फुले जनआरोग्य योजना इस्पितळातील उपचारांचा खर्च उचलते. घरी खाटेवर पडलेल्या मुलाच्या रात्रीची सोय तिच्यात नाही. मात्र २०१८ पासून उपकेंद्रांच्या, म्हणजे आज ज्यांस आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात त्यांच्या, सेवांच्या यादीत या शुश्रूषेचा समावेश आहे. तुमच्या गावच्या उपकेंद्रात ती मिळते काय, एवढा एक प्रश्न विचारून पाहा.

अर्जात धर्माच्या रकान्यात "बौद्ध" लिहिले तर सवलत जाईल, ही भीती नवदीक्षितांत अजून आढळते. अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला आहे. निर्भयपणे लिहा.

येथवर सरकारचे झाले. आता आपल्या घरचे, आणि ते लिहिताना लेखणी जड होते. त्या घनसावंगीच्या बाईने मूल घरी आणल्यावर डोंगरावरच्या देवीस नवस बोलला आणि मुलाच्या दंडास दोरा बांधला. ही गोष्ट गावात कळली. प्रतिज्ञा मोडल्या, या घरी जाऊ नये, असे विहारातील काही जाणत्यांनी ठरविले. प्रतिज्ञांचे गांभीर्य आम्हांस कोणी शिकवावे अशी वेळ आलेली नाही. नवसाने रक्त सुधारत नाही, हे आम्ही या पानांत पुनःपुन्हा लिहू. परंतु त्या जाणत्या मंडळींस आमचा प्रश्न आहे: दोरा बांधण्यापूर्वीच्या महिन्यांत तुमच्यापैकी किती जण त्या घरी गेले होते? शेजारच्या आळीतील बाया येऊन "मागच्या जन्मीचं भोगतंय लेकरू" असे आईच्या तोंडावर सांगून जात होत्या, तेव्हा हे खोटे आहे, या आजारास कोणाचे पाप कारण नाही, हे तिला सांगण्यास कोण बसले होते? मुलगा स्वतः विचारीत होता, आई, मी काय केलं? अकरा वर्षांच्या मुलास हा प्रश्न पडावा, हेच ज्या शिकवणुकीचे फळ आहे ती आपण टाकली. टाकल्याचा उपयोग त्या मुलास झाला नाही, कारण ते सांगणारे माणूस त्याच्या खाटेपाशी नव्हते.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने घाणीत लोळणाऱ्या एका भिक्खूची हकिकत आहे. सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्यास धुतले, उचलून मंचकावर निजविले. आणि मग भिक्खूंस बजाविले की, ज्यास माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची करावी. याच प्रसंगात शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी काय असावे हेही सांगितले आहे: औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने करावे, मलमूत्र व ओकारी काढण्याची किळस नसावी, आणि योग्य वेळी धीराचे बोलता यावे. यांतील चौथ्या गुणापाशी आम्ही थबकलो. आपल्या बापजाद्यांच्या माथी हे काम जन्माने मारले गेले आणि त्याबद्दल त्यांस बाटगे मानले गेले. तथागतांनी तेच काम स्वतःच्या हाताने केले आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांत त्याची गणना केली. आजारी लेकराच्या घरी जाऊन अंथरूण बदलण्यात कमीपणा वाटत असेल, तर तो कमीपणा कोणाकडून शिकलो याचा विचार करावा.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २००१ पासून सामान्य लोकांनी ही शुश्रूषा गावोगाव उभी केली. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी थोडे प्रशिक्षण घेतात आणि आठवड्यातून काही तास देतात. डॉक्टर व परिचारिका पाठीशी असतात. २००८ साली केरळ सरकारने धोरण आखले, ते लोकांनी आधी करून दाखविल्यानंतर. आपल्या प्रत्येक विहारात महिला मंडळ आहे. वस्तीत असे मूल असेल तर दर आठवड्यास दोन उपासिकांनी तीन तास त्याच्यापाशी बसावे; आईने त्या वेळात झोपावे, न्हावे, बाजारास जावे, काहीही करावे. मूल कसे उचलावे, कसे भरवावे, हे आधी तिच्याकडून शिकून घ्यावे, कारण त्या मुलाची खरी परिचारिका तीच आहे. मुलाच्या भावंडांसही कोणी विचारावे. आजारी भावाच्या घरी दुसरे मूल आपोआप अदृश्य होते. यास निधी लागत नाही, ठराव लागत नाही. मात्र एक दक्षता घ्या. आपण तीन तास बसलो म्हणून सरकारने कायमचे उठून जावे असे होऊ देऊ नका. मॉर्फिन विहारातून मिळणार नाही.

म्हणून अर्ज करा. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा: आपल्या रुग्णालयास मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे काय, गेल्या बारा महिन्यांत तोंडाने देण्याच्या मॉर्फिनचा साठा प्रत्येक महिन्यास किती होता, या शुश्रूषेचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर व परिचारिका किती, मुलांसाठी खाटा राखीव आहेत काय, घरी भेट देणारे पथक कोणत्या तालुक्यांत जाते. उत्तरास ३० दिवसांची मुदत असते. परंतु माहिती माणसाच्या प्राणाशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ४८ तासांत द्यावी, असे ७ व्या कलमात आहे. घरात मूल वेदनेने तळमळत असेल तर अर्जाच्या माथ्यावर तसे स्पष्ट लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मरणाच्या प्रवासातील प्रतिष्ठाही २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात मोडते असे म्हटले आहे. अधिकारी नाही म्हणाले तर ते नाही लेखी घ्या आणि आमच्याकडे आणा, आम्ही अपील लिहून देऊ. अर्जास १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही लागत नाही. दाखल्याची प्रत मात्र जोडावी.